आज्ञावलीकाराची दोषनोंद : 'टेक'च्या विकासाचे एक अस्सल साधन

यंत्रांच्या इतिहासात यशाच्या नोंदी विपुल सापडतात. चुकांच्या नोंदी क्वचितच सापडतात. शोधाचा एकाधिकार मिळविण्यासाठी केलेले अर्ज, उत्पादकांची पत्रके, संशोधकांनी उतारवयात सांगितलेल्या आठवणी, ही ह्या इतिहासाची नेहमीची साधने होत. ती सर्व उपयुक्त असली, तरी त्यांचा कल बखरीकडे असतो, अस्सल कागदाकडे नसतो. काम संपल्यावर, त्याचा परिणाम ठाऊक झाल्यावर ती लिहिलेली असतात, आणि म्हणून त्यांत प्रत्येक पाऊल हेतुपूर्वक टाकलेले दिसते. संगणकाच्या आज्ञावलींच्या बाबतीत ही अडचण अधिकच तीव्र होते. इमारत दुरुस्त केली तर सांधा दिसतो. आज्ञावलीत चुकीची ओळ पुसून तेथे योग्य ओळ लिहिली की जुन्या ओळीचा मागमूस राहत नाही. जे शिल्लक राहते ते निर्दोष दिसते, आणि ते तसे प्रथमपासूनच होते असा समज होण्यास वाव राहतो.

ह्या परिस्थितीत अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक डोनाल्ड कनूथ ह्यांनी ठेवलेली एक नोंदवही अपवादात्मक महत्त्वाची ठरते. १९७८ च्या मार्च महिन्याच्या १० तारखेपासून त्यांनी आपल्या 'टेक' नामक आज्ञावलीत केलेला प्रत्येक बदल, तो का करावा लागला ह्याच्या उल्लेखासह, टिपून ठेवला. पुढे १९८९ च्या जुलैमध्ये 'सॉफ्टवेअर : प्रॅक्टिस अँड एक्स्पीरियन्स' ह्या नियतकालिकात त्यांनी 'टेकच्या चुका' अशा अर्थाच्या मथळ्याचा एक विस्तृत निबंध प्रसिद्ध केला आणि ही नोंदवही त्याच्या परिशिष्टात जशीच्या तशी छापली. तीत ८५० हून अधिक नोंदी आहेत. १९९२ च्या एका ग्रंथात ती १९९१ पर्यंत वाढविलेल्या स्वरूपात आली, आणि १९९९ च्या दुसऱ्या एका ग्रंथात तिची पुढील पुरवणी देण्यात आली. आज्ञावलींतील चुकांचा अभ्यास कनूथ ह्यांच्यापूर्वी झाला नव्हता असे नाही. आयबीएम कंपनीतील आल्बर्ट एंड्रेस ह्यांनी १९७५ मध्येच एका मोठ्या प्रणालीतील दोषांचे विश्लेषण प्रसिद्ध केले होते. परंतु तेथे अनेकांच्या चुका एका तिऱ्हाइताने मोजल्या होत्या. कर्त्यानेच आपल्या चुकांची तारीखवार यादी दहा वर्षे ठेवावी आणि नंतर ती चारचौघांत मांडावी, हे वेगळे होय.

'टेक' म्हणजे काय, हे येथे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. ही अक्षरजुळणीची आज्ञावली आहे. लेखकाने साध्या मजकुरात खुणा घालून दिलेले लिखाण वाचावे, त्यातील शब्दांची ओळींत व ओळींची पानांत मांडणी करावी, आणि गणिती सूत्रे कसबी जुळाऱ्याने जुळवावीत तशी जुळवावीत, हे तिचे कार्य. तिचे नाव कला व कसब ह्या दोन्ही अर्थांच्या एका ग्रीक शब्दावरून आले आहे. त्यातील अखेरचे अक्षर ग्रीक असल्यामुळे त्याचा उच्चार 'क' व 'ख' ह्यांच्या मधला होतो; येथे सोयीसाठी 'टेक' हेच रूप वापरले आहे.

ह्या आज्ञावलीचा जन्म एका ग्रंथकर्त्याच्या असंतोषातून झाला. कनूथ ह्यांच्या 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रामिंग' ह्या ग्रंथमालेचे पहिले तीन खंड १९६८, १९६९ व १९७३ ह्या वर्षी निघाले. ते शिशाच्या खिळ्यांनी, मोनोटाइप यंत्रावर जुळविलेले होते. दुसऱ्या खंडाची सुधारलेली आवृत्ती काढण्याची वेळ आली तोपर्यंत ती पद्धत मागे पडून तिची जागा प्रकाशमुद्रणाने घेतली होती. १९७७ च्या मार्चअखेर नव्या पद्धतीची मुद्रिते हाती आली, तेव्हा त्यांतील अक्षरांचे वळण व अंतरे पाहून कनूथ निराश झाले. त्याच सुमारास संपूर्णपणे अंकीय यंत्रावर छापलेले एक पुस्तक त्यांच्या पाहण्यात आले होते. पान म्हणजे अखेर शून्ये व एक ह्यांची एक मोठी जाळी आहे, आणि ती भरणे हे संगणकशास्त्रज्ञाचेच काम आहे, असा विचार त्यांच्या मनात आला. १३ मे १९७७ रोजी त्यांनी नियोजित आज्ञावलीचे एक टिपण स्वतःसाठी तयार केले. एका वर्षाच्या अभ्यासरजेत हे काम उरकेल असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात त्याला सुमारे दहा वर्षे लागली. दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ती १९८१ मध्ये निघाली.

आरंभी कनूथ ह्यांचा बेत निराळा होता. आराखडा आपण द्यावा आणि आज्ञावली विद्यार्थ्यांनी लिहावी, असे ठरवून ते १९७७ च्या उन्हाळ्यात चीनच्या प्रवासास गेले. मायकल प्लास व फ्रँक लियांग ह्या त्यांच्या विद्यार्थ्यांनी मागे एक छोटी प्रायोगिक आवृत्ती चालू करून दाखविली. परत आल्यावर कनूथ ह्यांनी ती पाहिली आणि पुढील लेखन स्वतः करण्यास घेतले. टिपणात स्पष्ट वाटलेल्या कित्येक गोष्टी लिहावयास बसल्यावर अस्पष्ट ठरतात, आणि तेथे काय करावयाचे ह्याचा निर्णय आराखडा करणाऱ्यालाच घेता येतो, असे त्यांना आढळले. नव्या प्रकारच्या प्रणालीचा आराखडा करणाऱ्याने ती स्वतः लिहावी, तिचा पहिला मोठा वापर स्वतः करावा आणि तिची पहिली मार्गदर्शिकाही स्वतःच लिहावी, हे मत त्यांनी नंतर आग्रहाने मांडले. ह्या मताला नोंदवहीचा चांगलाच आधार मिळतो. कारण दुसऱ्या खंडाची पाने प्रत्यक्ष जुळविताना आणि मार्गदर्शिकेतील वाक्ये लिहिताना सुचलेले बदल तीत जागोजाग आढळतात. जी गोष्ट वाचकाला समजावून सांगता येत नाही तिची रचनाच बहुधा चुकलेली असते, हा अनुभव ग्रंथकारांना नवीन नाही.

पहिली आज्ञावली कनूथ ह्यांनी १९७७ च्या अखेरीपासून १९७८ च्या आरंभापर्यंत पेन्सिलीने कागदावर लिहिली. तिचा कोणताही भाग सुटा चालवून पाहिला नाही. प्रत्येक भाग लिहून होताच त्याची चाचणी घ्यावी, हा उपदेश तेव्हाही प्रचलित होता. परंतु सुटा भाग चालवावयाचा तर भोवतालच्या अपुऱ्या भागांच्या जागी खोटे भाग उभारावे लागतात, आणि तो खटाटोप वाचविण्यात लाभ आहे, असे कनूथ ह्यांना वाटले. सर्व लिहून झाल्यावर ते यंत्रापुढे बसले, आणि १० मार्च १९७८ ही नोंदवहीची पहिली तारीख पडली. ही रीत सर्वांनी अनुसरण्याजोगी आहे असे म्हणता येणार नाही. एकट्याने लिहिलेल्या, सर्वस्वी एकाच डोक्यात मावणाऱ्या आज्ञावलीलाच ती साधते.

नोंदवहीचे खरे वैशिष्ट्य तिच्या वर्गीकरणात आहे. कनूथ ह्यांनी बदलांचे पंधरा वर्ग कल्पिले आणि प्रत्येकास रोमन लिपीतील एकेक अक्षर दिले. त्यांपैकी नऊ वर्ग खऱ्या चुकांचे व सहा सुधारणांचे. बोटे घसरल्यामुळे झालेले क्षुल्लक टंकदोष. काय करावयाचे ते ठाऊक असूनही भलतेच लिहिल्याने झालेल्या घोडचुका. करावयाचे ठरवून करावयाचे राहून गेलेले काम. एका भागासाठी स्वतःच घातलेला नियम दुसऱ्या भागात विसरल्यामुळे उत्पन्न झालेला विसंवाद. आज्ञावलीच्या भाषेचा अर्थ चुकीचा घेतल्याने पडलेली गफलत. साठविलेली माहिती वेळच्यावेळी अद्ययावत न ठेवल्याने माजलेला गोंधळ. मुळात रीतच चुकीची निवडणे. विचित्र मजकुरापुढे आज्ञावली कोलमडू नये म्हणून मागाहून घातलेला टेकू. आणि शेवटी 'अनपेक्षित प्रसंग'. ह्या शेवटच्या वर्गाला कनूथ ह्यांनी विशेष गंभीर मानले आहे. इतर चुकांत विचार बरोबर असून हात चुकलेला असतो. येथे दोन बरोबर विचार एकत्र आल्यावर काय घडेल ह्याची कल्पनाच कोणाला आलेली नसते, आणि मूळ विचार बदलावा लागतो.

चूक कोणती व सुधारणा कोणती, ही सीमारेषा आखण्याची त्यांची कसोटी मात्र शास्त्रापेक्षा मनोधर्माशी अधिक जुळणारी आहे. जो बदल करताना अपराधी वाटले ती चूक, आणि जो करताना पुण्य पदरी पडल्यासारखे वाटले ती सुधारणा, असा तिचा आशय. ह्या कसोटीवर आक्षेप घेता येतो. एकाच बदलाकडे कर्ता सुधारणा म्हणून पाहील आणि त्या उणिवेमुळे ज्याचे काम अडले होते तो वापरकर्ता चूक म्हणून पाहील. तरीही इतिहासाच्या दृष्टीने ही कसोटी प्रामाणिक आहे. ती वस्तूचे मोजमाप करीत नाही, त्या दिवशीच्या कर्त्याच्या जाणिवेचे करते; आणि नोंदीचे समकालीनत्व त्यामुळेच सिद्ध होते. मागाहून रचलेल्या यादीत अपराधीपणाची भावना इतकी ताजी राहिली नसती.

पहिली 'टेक' स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेतील यंत्रासाठी, तेथेच प्रचलित असलेल्या 'सेल' भाषेत लिहिलेली होती. ती केवळ आपल्या व आपल्या चिटणिसांच्या उपयोगासाठी आहे, अशी कनूथ ह्यांची समजूत होती. ही समजूत फार दिवस टिकली नाही. १९७८ च्या जानेवारीत अटलांटा येथे अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीपुढे त्यांनी गणिती मुद्रणाविषयी व्याख्यान दिले, आणि गणितज्ञांचे कुतूहल जागे झाले. त्याच उन्हाळ्यात स्टॅनफर्डला आलेल्या गाय स्टील ह्यांनी आज्ञावलीची प्रत मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत नेऊन तेथील यंत्रावर बसविली. १९८० मध्ये वापरकर्त्यांचा संघ स्थापन झाला व त्याचे 'टगबोट' हे पत्र निघू लागले. निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळी रूपांतरे निघाली, तर एका गावी जुळविलेले पान दुसऱ्या गावी तसेच उतरेल ह्याची शाश्वती उरणार नव्हती. म्हणून कनूथ ह्यांनी सर्व आज्ञावली आरंभापासून पुन्हा लिहिण्याचे ठरविले. ही दुसरी आवृत्ती १९८२ ची होय.

तिच्यात दोन निर्णय मूलगामी आहेत. पहिला अंकगणिताचा. दशांश अपूर्णांकांचे गणित प्रत्येक यंत्र किंचित वेगळे करते. ओळ कोठे तोडावी ह्याचा निर्णय त्यावर सोपविला, तर दोन यंत्रांवर दोन प्रकारची पाने निघण्याचा संभव राहतो. म्हणून ओळी व पाने तोडण्याचे सर्व निर्णय पूर्णांकांतच व्हावेत अशी व्यवस्था करण्यात आली. त्यासाठी मुद्रकांच्या पॉइंटचे ६५,५३६ भाग कल्पिले. असा एक भाग दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीहूनही पुष्कळ लहान आहे, तेव्हा त्याहून सूक्ष्मतेची गरज डोळ्याला पडणार नाही. दुसरा निर्णय लेखनपद्धतीचा. आज्ञावली ही यंत्रापेक्षा प्रथम माणसाने वाचावयाची वस्तू आहे, असे मानून कनूथ ह्यांनी 'वेब' नावाची एक पद्धत तयार केली. तीत गद्य विवेचन व पास्कल भाषेतील आज्ञा एकाच संचिकेत आलटूनपालटून येतात. एका साधनाने तीमधून यंत्रासाठी आज्ञावली निघते, दुसऱ्याने वाचकासाठी पुस्तक. जगड्व्याळ संगणकजाळ्याला हेच नाव पुढे मिळाले, पण त्याचा ह्याच्याशी संबंध नाही. ह्या पद्धतीने लिहिलेली संपूर्ण 'टेक', सुमारे १,४०० लहान परिच्छेदांत विभागून, १९८६ मध्ये 'टेक : द प्रोग्रॅम' ह्या नावाने ग्रंथरूपाने छापून निघाली. जिची प्रत्येक ओळ विवेचनासह पुस्तकाच्या दुकानात विकत मिळते, अशी उपयोगातील मोठी आज्ञावली तोपर्यंत विरळाच होती.

आज ज्याला मुक्तस्रोत म्हणतात तो शब्दप्रयोग तेव्हा अस्तित्वात नव्हता. तो १९९८ मध्ये रूढ झाला. रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी मुक्त आज्ञावलींच्या चळवळीची घोषणा १९८३ च्या सप्टेंबरमध्ये केली, म्हणजे 'टेक'ची दुसरी आवृत्ती तयार झाल्यानंतर. त्यामुळे 'टेक'ला त्या चळवळीचे अपत्य म्हणणे कालविपर्यासाचे होईल. तिचे मोकळेपण विद्यापीठीय परंपरेतून आलेले आहे. सिद्धता प्रसिद्ध करावी, ज्याला शंका असेल त्याने ती तपासावी, आणि चूक सापडल्यास कर्त्याला कळवावी, ही गणितज्ञांची जुनी रीतच येथे आज्ञावलीला लावलेली दिसते.

आता चाचणीकडे वळावयास हवे. १९६९ मध्ये रोम येथे भरलेल्या परिषदेत एड्सगर डाइक्स्ट्रा ह्यांनी असे निदर्शनास आणले होते की, चाचणीने दोष आहेत एवढे दाखविता येते, दोष नाहीत असे कधीच दाखविता येत नाही. कनूथ ह्यांना हा सिद्धांत अर्थातच ठाऊक होता. तरीही त्यांनी एक चाचणी रचली आणि १९८४ मध्ये तिचा अहवाल स्टॅनफर्डतर्फे प्रसिद्ध केला. तिचे नाव 'ट्रिप'. अहवालाच्या मथळ्यात तिला छळचाचणी म्हटले आहे. ती रचताना त्यांनी आज्ञावलीच्या जनकाची भूमिका बाजूला ठेवली आणि शक्य तितक्या दुष्ट मनोवृत्तीने तिच्यावर घाव घालण्याचे ठरविले. कोणत्याही समंजस माणसाने कधीही लिहिला नसता असा मजकूर त्यांनी लिहिला, आणि मग तो त्याहूनही विचित्र मजकुराच्या पोटात घातला. परिणामी निघणाऱ्या पानांना काहीही अर्थ नाही. आज्ञावलीने काम करताना लिहिलेला वृत्तांत अपेक्षित वृत्तांताशी ओळ न् ओळ ताडून पाहावयाचा, आणि काही ठरावीक जागी यंत्रपरत्वे पडणारे बारीक फरक सोडल्यास दोन्ही तंतोतंत जुळले पाहिजेत. आज्ञावलीतील जवळजवळ प्रत्येक आज्ञा ह्या चाचणीत निदान एकदा तरी अंमलात यावी अशी योजना आहे. ज्या प्रसंगी काम कायमचे थांबावयाचे असे प्रसंग तेवढे वगळले आहेत.

ह्या चाचणीचा उपयोग दुहेरी झाला. ती रचता रचता खुद्द कर्त्यालाच आपल्या चुका सापडल्या, ही एक गोष्ट. दुसरी गोष्ट संस्थात्मक आहे आणि अधिक टिकाऊ ठरली. 'टेक'ची संहिता कोणीही घ्यावी, आपल्या यंत्रावर बसवावी, तिच्यापासून नवे काही करावे, ह्याला मोकळीक आहे. परंतु जी आज्ञावली ह्या चाचणीत उतरत नाही तिला 'टेक' हे नाव लावता येत नाही. मूळ संचिकेला हात लावावयाचा नाही. स्थानिक बदल निराळ्या संचिकेत लिहून जोडावयाचे. अशा रीतीने वस्तू खुली ठेवून नाव मात्र राखले गेले. पेठेतील तराजू प्रमाणित वजनाशी ताडून पाहावा, तशीच ही व्यवस्था.

चूक शोधणाऱ्याला पैसे देण्याची कनूथ ह्यांची प्रथा सर्वश्रुत आहे. त्यांच्या ग्रंथांतील चुकीसाठी २ डॉलर ५६ सेंट मिळत. म्हणजे २५६ सेंट, सोळाच्या पायाने मोजल्यास शंभर. 'टेक'मधील चुकीचे मोल दरवर्षी दुप्पट होत गेले. १९८६ च्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत ते २० डॉलर ४८ सेंट होते. त्याच ठिकाणी त्यांनी असा विश्वास व्यक्त केला की, 'टेक'मधील अखेरची चूक २७ नोव्हेंबर १९८५ रोजी सापडली व काढून टाकली गेली. आणि म्हणूनच पुढील वर्षी बक्षीस पुन्हा दुप्पट करण्याचे अभिवचन दिले. नोंदवही ह्या विधानाचा साक्षीदार आहे, आणि तिची साक्ष प्रतिकूल आहे. त्या तारखेनंतरही नोंदी चालूच राहिल्या. बक्षीस ३२७ डॉलर ६८ सेंटपर्यंत चढले आणि तेथे स्थिर झाले. पुष्कळांनी आपले धनादेश वटविले नाहीत, चौकटीत लावून भिंतीवर टांगले. २००८ पासून बँकेतील फसवणुकींमुळे खरे धनादेश बंद करून एका काल्पनिक बेटावरील बँकेची प्रमाणपत्रे देण्याची प्रथा सुरू झाली. त्या बेटाचे नावही मुद्राक्षरांच्या एका वळणावरून घेतलेले आहे. विनोद बाजूला ठेवला तरी, १९८५ ची ती तारीख चुकलेलीच राहते. आज्ञावलीच्या प्रत्येक ओळीचा जनक, तिचा टीकाकार आणि तिचा छळ करणारा ह्या तिन्ही भूमिका उत्तम वठविलेल्या माणसालाही ती पूर्ण शुद्ध झाल्याचा दिवस सांगता आला नाही.

येथे एका प्रचलित मताची तपासणी करणे योग्य होईल. एरिक रेमंड ह्यांनी १९९७ च्या निबंधात, लिनक्सच्या अनुभवावरून, असे प्रतिपादन केले की, पाहणारे डोळे पुरेसे असले म्हणजे कोणताही दोष खोल राहत नाही. 'टेक'चा इतिहास ह्या मताला पाठिंबा देतो असे पुष्कळदा म्हटले जाते. नोंदवहीतील साक्ष तितकी सरळ नाही. पहिल्या काळातील चुका कर्त्याच्याच डोळ्यांना, प्रत्यक्ष वापरात, सापडल्या आहेत. उत्तरकाळात इतरांची नावे नोंदींत येऊ लागतात आणि त्यांनी दाखविलेल्या चुका बहुधा दुर्मिळ जातीच्या आहेत. परंतु त्या सापडू शकल्या त्याला संहितेचे मोकळेपण एवढेच कारण नव्हते. ती वाचता येईल अशी लिहिलेली होती, आणि आलेले प्रत्येक पत्र वाचून उत्तर देणारा एक जबाबदार माणूस दुसऱ्या टोकाला होता.

ह्याचे उलट उदाहरण फार लांबचे नाही. संगणकांमधील संदेश गुप्त राखणाऱ्या 'ओपनएसएसएल' ह्या मुक्तस्रोत आज्ञावलीत १४ मार्च २०१२ च्या आवृत्तीबरोबर एक दोष शिरला. दुसऱ्या बाजूचे यंत्र अद्याप जागे आहे ना, हे विचारणाऱ्या छोट्या संदेशात त्या संदेशाची लांबीही सांगितलेली असते. सांगितलेली लांबी आणि प्रत्यक्ष लांबी जुळतात की नाही हे ताडून पाहण्याचे राहून गेले. खोटी मोठी लांबी सांगणाऱ्याला उत्तरादाखल यंत्राच्या स्मृतीतील शेजारचा मजकूर, प्रसंगी गुप्त किल्ल्यांसह, मिळू लागला. कनूथ ह्यांच्या वर्गीकरणात हा दोष बहुधा मजबुतीच्या अभावात पडला असता. तो मुळीच गूढ नव्हता. संहिता सर्वांसाठी उघडी होती, असंख्य संस्था तिच्यावर विसंबून होत्या. तरी ७ एप्रिल २०१४ पर्यंत, दोन वर्षांहून अधिक काळ, तो दोष उघडकीस आला नाही. अखेर गूगलमधील एक अभियंता व फिनलंडमधील एका कंपनीतील अभियंते ह्यांना तो स्वतंत्रपणे सापडला. दार उघडे असणे आणि त्या दाराने कोणी आत येणे ह्या भिन्न गोष्टी आहेत. ग्रंथालयातील पाने न फाडलेले ग्रंथ पाहिलेल्यांना हे निराळे सांगावयास नको.

चाचणीची आणखी एक मर्यादा 'टेक'च्याच इतिहासात दिसते. ज्या गोष्टीची कल्पना कर्त्याला नाही ती त्याने रचलेल्या चाचणीतही असू शकत नाही. १९८२ ची 'टेक' सात बिटांची, म्हणजे १२८ चिन्हांची लिपी गृहीत धरीत होती. इंग्रजीला तेवढे पुरते. 'ट्रिप' चाचणी कितीही क्रूर असली तरी तीही त्याच गृहीतकाच्या आत फिरत होती. जर्मन, फ्रेंच, झेक इत्यादी भाषांच्या लेखकांना मात्र स्वरचिन्हांकित अक्षरांसाठी आणि शब्द तोडण्याच्या नियमांसाठी पदोपदी अडचण पडे. १९८९ च्या ऑगस्टमध्ये स्टॅनफर्ड येथे भरलेल्या वापरकर्त्यांच्या सभेत युरोपीय प्रतिनिधींनी ही गोष्ट कनूथ ह्यांच्या गळी उतरविली. आठ बिटांची आणि एकाच लिखाणात अनेक भाषांचे शब्दविभाजन करणारी तिसरी आवृत्ती १९९० मध्ये बाहेर पडली. त्यानंतर कनूथ ह्यांनी आज्ञावली गोठविल्याचे जाहीर केले. नवे काही घालावयाचे नाही, फक्त चुका दुरुस्त करावयाच्या. आणि प्रत्येक दुरुस्तीबरोबर आवृत्तीचा क्रमांक वर्तुळाच्या परिघ-व्यास गुणोत्तराच्या एकेक अंकाने पुढे न्यावयाचा. कर्त्याच्या मृत्यूनंतर तो क्रमांक नेमके ते गुणोत्तरच होईल, आणि तेव्हा जे दोष शिल्लक असतील ते दोष न राहता आज्ञावलीचे गुणधर्म समजले जातील.

देवनागरीच्या दृष्टीने हा निर्णय सोयीचा झाला असे म्हणवत नाही. भारतीय लिप्यांच्या जुळणीचा प्रश्न कनूथ ह्यांच्या वर्तुळाला अपरिचित नव्हता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेशी संबंधित पीयूष घोष ह्यांचा भारतीय लिप्यांतील अक्षररचना व जुळणीवरील अहवाल स्टॅनफर्डमधूनच १९८३ मध्ये निघाला होता. परंतु जोडाक्षरे घडविण्याचे, ऱ्हस्व वेलांटी उच्चारात मागाहून येत असूनही व्यंजनाच्या आधी मांडण्याचे, रफार योग्य अक्षरावर चढविण्याचे काम गोठविलेल्या 'टेक'ला सहज साधणारे नव्हते. म्हणून नेदरलंड्समधील ग्रोनिंगन विद्यापीठातील फ्रान्स वेल्थाइस ह्यांनी १९९१ मध्ये वेगळा मार्ग काढला. रोमन अक्षरांत लिहिलेला मजकूर प्रथम एका स्वतंत्र आज्ञावलीने वाचावयाचा, जोडाक्षरांचे सर्व निर्णय तेथेच घ्यावयाचे, आणि 'टेक'च्या हाती आयती मांडणी द्यावयाची. संस्कृत व हिंदीच्या अनेक अभ्यासकांनी ही सोय वर्षानुवर्षे वापरली. पुढे २००४ मध्ये जोनाथन क्यू ह्यांनी युनिकोडमधील मजकूर सरळ स्वीकारणारी 'झीटेक' तयार केली. तीत अक्षरे जोडण्याचे नियम मुद्राक्षरांच्या संचिकेतून येतात. मूळ नाव तिला घेता आले नाही, हे वर सांगितलेल्या शर्तीला धरूनच झाले.

मराठीपुरता चाचणीचा प्रश्न ह्याहून बारीक आहे. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' ह्या दोन शब्दांत एका ठिकाणी गुरुजी आहेत, दुसऱ्या ठिकाणी स्वयंपाकी. फरक एका अर्ध्या र-च्या वळणात आहे. युनिकोडच्या प्रमाणकात ह्या अर्धचंद्राकृती र-ची स्वतंत्र तरतूद केलेली आहे. तथापि एखाद्या मुद्राक्षर-संचिकेत ती राहून गेली, तर हिंदीची सर्व चाचणीवाक्ये निर्वेधपणे उतरतील आणि पान स्वच्छ दिसेल. चूक कोणत्याही वृत्तांतात नमूद होणार नाही. ती मराठी वाचणाऱ्यालाच दिसेल, आणि त्याने ती कळविली तरच दुरुस्त होईल. नोंदवहीतील उत्तरकालीन नोंदींपुढे परक्या नावांची जी आद्याक्षरे दिसतात, त्यांच्यामागे अशाच प्रकारचे वाचक आहेत.

गोठविल्यानंतरही 'टेक'मधील चुकांची तपासणी थांबलेली नाही. तिची गती तेवढी मंद करण्यात आली. आलेली पत्रे मदतनिसांनी चाळावयाची आणि जी खरोखर नवी असतील तीच कर्त्यापुढे ठेवावयाची, अशी व्यवस्था आहे. अशा तपासण्या २००८, २०१४ व २०२१ ह्या वर्षी झाल्या. प्रत्येक वेळी दोन तपासण्यांमधील अंतर एकेक वर्षाने वाढले. अखेरची चूक सापडल्याचे जाहीर झाल्यावर पस्तीस वर्षांनी, २०२१ च्या जानेवारीत, आणखी काही दोष काढून टाकण्यात आले आणि आवृत्तीचा क्रमांक ३.१४१५९२६५३ झाला. पुढील तपासणी २०२९ मध्ये व्हावयाची आहे.